नक्कल न येणारा आजार

आजारपणावर लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही चेहरा लांब करून बसला असाल. शेजारी रुमाल. आता सलाईन लागणार, मग ऑपरेशन, मग डॉक्टर चष्मा पुसत पुसत "आता सगळं वरच्याच्या हातात" म्हणणार, आणि शेवटी मी हळूच डोळे उघडून "आई, पाणी" म्हणणार. बरोबर ना?

रुमाल खिशात ठेवा. माझ्या आजारात एक टाका पडला नाय, एक थेंब रक्त सांडलं नाय, साधा ताप पण आला नाय. नारळपाणी एकदाच मिळालं, ते पण अर्धं पप्पांनी संपवलं. रिपोर्ट तर इतके नॉर्मल आले की लॅबवाल्या दादाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणजे "तू इथं आलासच कशाला?" आणि तरी मी जवळजवळ दोन महिने शाळेत बसू शकलो नाय. आमचं घर वरसेला, शाळा रोह्याला. सायकलने दहा मिनिटं. दहा मिनिटं हो! आणि मला ते अंतर कापायला दोन महिने लागले. सांगतो ना, सगळं सांगतो.

मी तेजस. आता बारावीत, तेव्हा दहावीत होतो. माझा धंदा नकला. एसटीचा कंडक्टर, माइक हातात आल्यावर सोडत नाय असे मुख्याध्यापक, शिट्टी तोंडात ठेवूनच बोलणारे पीटीचे सर, कोलबी घेऊन येणारी मावशी, कंपनीचा भोंगा. पप्पा साहेबांशी फोनवर बोलतात तसे, आणि फोन ठेवल्यावर बोलतात तसे. (ही दुसरी नक्कल पप्पा घरात नसतानाच.) आख्ख्या रोह्यात माझ्याएवढी हुबेहूब नक्कल कोण करत नाय. हे मी नाय म्हणत, मीच म्हणतो, पण दुसऱ्याच्या आवाजात.

हे लिहायला बसलो कारण यंदा शाळेने मला आठवी-नववीच्या पोरांशी बोलायला बोलावलं. बोलून झाल्यावर एक पोरगा जिन्यापर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, "दादा, मला पण होतं तसं." त्याचं नाव नाय सांगणार. पण त्याच्यासारखे अजून असतील ना? त्यांच्यासाठी हे.

वन्स मोअर

जुलै महिना. ऑफ पिरियड. वर्ग ओरडतोय, "तेज्या, पीटी सर! तेज्या, पीटी सर!" मी फळ्यापुढे. तोंडात पेनाचं टोपण, तीच शिट्टी. "सावधाऽऽन! ए, मागचा लंबू, पोट आत!" पोरं लोळतायत.

आणि मधेच, काही कारण नसताना, माझ्या छातीत मोटरपंप चालू झाला. खटकन. बटण कुठंय ते सापडेना. हाताच्या बोटांना मुंग्या. श्वास वर वर येतोय, खाली जातच नाय. समोरची पोरं लांब लांब गेल्यासारखी दिसायला लागली. घाम तर असा फुटला, जसा काय मीच मैदानाला दहा राऊंड मारलेत. मला पक्कं वाटलं, संपलं. मी आता मरणार, आणि ते पण पीटी सरांच्या आवाजात.

मी फळ्याला धरून खाली बसलो. तोंडातून आवाज फुटेना. नुसता हात वर केला, म्हणजे कोणीतरी या.

टाळ्या! बाकं बडवायला लागले. "सॉलिड!" "वन्स मोअर!" माझा जिगरी दोस्त सोहम, पहिल्या बाकावरून, "आयला, घाम बघ घाम! खरा काढलाय!"

दहा-पंधरा मिनिटांनी तो पंप आपोआप हळू झाला. आणि तेव्हा मी काय केलं सांगू? उठलो, आणि वाकून सगळ्यांना नमस्कार केला. कलाकार ना! एवढ्या टाळ्या कोण सोडणार?

त्या एका नमस्काराने माझी वाट लावली. आता मी काहीही सांगितलं तरी ते नाटकच ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी सोहम मधल्या सुट्टीत सगळ्यांना "तेज्याचा अटॅक" करून दाखवत होता. हात वर, डोळे पांढरे, धपकन खाली. चांगली करत होता, खोटं कशाला बोलू. मी पण हसलो.

मग घटक चाचणी. गणिताचा पेपर हातात आला आणि पंप पुन्हा सुरू. मी बाकावर आडवा झालो. आमच्या वर्गशिक्षिका पाटील बाई. गणित त्याच शिकवतात, मनाने चांगल्या, आवाजाने पण चांगल्या, तीन वर्ग पलीकडे ऐकू जातो. बाई म्हणाल्या, "तेजस, परीक्षेत तरी नाटकं नकोत हां."

मागून कोणीतरी खिदळलं. मी उठलो आणि पळालो. पेपर तिथंच, कंपास तिथंच, सायकल पण शाळेतच. वरसेपर्यंत धावत.

एकदम ठणठणीत

आईने मला दारात बघितलं आणि हातातली चाळण खाली टाकली. "काय झाला रं? काय झाला?" मी म्हणालो, "आई, मला हार्ट अटॅक येतोय." पंधरा वर्षांचा पोरगा!

रिक्षा, दवाखाना, ईसीजी. छातीला थंडगार वाट्या चिकटवल्या, हातापायाला चिमटे. कागदाची लांब पट्टी बाहेर आली, तिच्यावर उंच-सखल रेषा. डॉक्टरांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, हसले. "काही नाही. एकदम ठणठणीत."

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. कसला आनंद! ठणठणीत, तर मग मगाशी मी मरत होतो ते काय होतं?

घरी जाताना पप्पा रिक्षात एकच वाक्य बोलले. "रिपोर्ट नॉर्मल हायत. मग नॉर्मल पोरासारखा वाग."

पप्पा कंपनीत शिफ्टला असतात. मशीन बिघडलं तर त्यांना बरोबर कळतं कुठला नट सैल झालाय. पण माझा नट दिसत नव्हता, म्हणून त्यांना वाटलं, मशीनच आळशी आहे. आईने आपल्या परीने केलं. मीठ-मिरच्या उतरवल्या, विस्तवात टाकल्या, सगळी बिल्डिंग खोकली. खालच्या काकूंनी वर येऊन सांगितलं, "मोबाइल काढून घे गो त्याचा, सुतासारखा सरळ होतो की नाय बघ." मोबाइल गेला. पंप तसाच.

शाळेत जायचा प्रयत्न केला. खरंच केला. पप्पा फर्स्ट शिफ्ट बदलून गाडीवर सोडायला यायचे. शाळेचं गेट दिसलं की माझे हात गार. गेटपाशी गाडी थांबली की छाती सुरू.

"उतर."

"पप्पा, नाय जमत."

"काय नाय जमत? चालत जायाचाय, डोंगर चढायचा नाय."

"येईल परत ते."

"काय येल? कोण येल? मला दाखव तरी!"

पाचव्या दिवशी आम्ही गेटपाशी पोचलो. मी उतरलो नाय. पप्पा पण काही बोलले नाय. गुपचूप गाडी वळवली. त्यांच्या ओरडण्याची मला सवय होती, त्याची तर मी नक्कल करतो. पण ते गप्प बसले ना, तेव्हा माझं पाणी पाणी झालं. मला वाटलं, पप्पांनी माझा नाद सोडला. आता मी कधीच वर्गात बसणार नाय. दहावीचा फॉर्म, परीक्षा, गॅदरिंग, सगळं सगळं त्या गेटच्या आत, आणि मी बाहेर.

येडाचा डॉक्टर

मग मामाचा फोन आला. आईचा मोठा भाऊ, पेणजवळ हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना. ऑगस्ट म्हणजे कारखान्यात मरायला वेळ नाय, तरी त्याने फोन केला, कारण आई त्याच्यापाशी रडली होती.

"अगो सुनंदा, माझ्याकडं आखणीला यमुना हाय ना, वाडीवरची. तिला दोन वर्षांमागं असाच व्हायचा. हातातला ब्रश टाकून पळायची. पेणला नेला तिला, डॉक्टर हाय मनाचा. आता बघ, दिवसाला साठ गणपतींचं डोळं काढते. घेऊन ये पोराला."

पप्पांनी ऐकलं. "येडाचा डॉक्टर?"

आई तशी पप्पांपुढे बोलत नाय. त्या दिवशी बोलली. "व्हय, येडाचा. मीच येडी झालेय आता. मला घेऊन चला, पोराला सोबत आणू."

बुधवारी आम्ही तिघं पेणला. दवाखान्यात बाकडं, बाकड्यावर आम्ही, आणि आमच्या पुढे सतरा जण. मी मोजत होतो कोण वेडं दिसतंय. कोणीच दिसेना. एक कॉलेजची ताई, एक एसटीचा ड्रायव्हर, एक आजोबा शेंगा सोलत बसलेले. पप्पा पेपर उघडून त्याच्या आड बसले होते, कंपनीतलं कोणी बघेल म्हणून. पेपर उलटा होता. मी सांगितलं नाय.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले, बरंच काही विचारलं, आणि मग शेजारच्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडमच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली घडी केलेला केसपेपर. मॅडमनी विचारलं, "काय आवडतं तुला?"

"नकला."

"कोणाची करतोस?"

मी बाहेर नंबर पुकारणाऱ्या शिपाईमामांची केली. "नंबर बाऽऽरा! बारा नंबर झोपले काय? बारा नंबरला बरं वाटलं काय, घरी गेले काय?" मॅडम एवढ्या हसल्या की टेबल हललं. पप्पा खुर्चीत आक्रसून बसले. त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं, बघा, हे असं आहे कार्टं, आजारी दिसतंय काय?

मग मॅडम म्हणाल्या, "छान. आता तुला तो अटॅक येतो ना, तो करून दाखव."

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, ऑर्डर आली की आपण तयार. हात वर केला. छातीवर ठेवला. तोंड उघडलं. आणि मला येईना! काहीच येईना. कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. कंडक्टर येतो, मुख्याध्यापक येतात, भोंगा पण येतो, आणि जी गोष्ट माझ्या स्वतःच्या छातीत दहा वेळा झालीय तिची नक्कल मला करता येईना. नुसतं तिच्याबद्दल विचार करूनच हात गार पडले.

"मॅडम, नाय येत."

"बस बाळा." मग त्या पप्पांकडे वळल्या. "साहेब, याला नाटकच करायचं असतं तर इथे किती चांगली संधी होती. प्रेक्षक होते, मी स्वतः सांगत होते. यानं केलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण हे जे होतंय ते खरं आहे."

पप्पांनी वाकून टेबलाच्या आखूड पायाखालचा केसपेपर नीट सरकवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लय भीती वाटते काय रं?"

मी म्हणालो, "व्हय." आणि मग रडलो. त्या रडण्याचं वर्णन नाय करणार. तुमचा रुमाल मी आत ठेवायला सांगितलाय.

पण खरी मजा पुढे! मॅडमनी सांगितलं, ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात. नाव आहे! माझ्या भुताला नाव आहे, ते पण छापील, पुस्तकात असलेलं! मला एवढा आनंद झाला की मी ते तीनदा म्हणून बघितलं, एकदा मुख्याध्यापकांच्या आवाजात. मॅडम म्हणाल्या, तो येतो, चढतो, आणि आपोआप उतरतो. लय घाबरवतो, पण मारत नाय. तू पळालास की तो मोठा होतो, कारण पुढच्या वेळी तो तुला गेटपाशीच गाठतो. म्हणजे मी रोज गेटवरून वळून त्याला खुराक घालत होतो!

मग त्यांनी विचारलं, पोटबिट पण दुखतं का, कधीपासून. आई म्हणाली, दुखत नाय. मी म्हणालो, नववीपासून. रोज सकाळी. शाळा, मग तीन क्लास, मग घरी पप्पांचं "इंजिनिअर व्हायचाय ना?", आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना हसवायचं. पोट दुखतं म्हटलं तर कोणी खरं धरलं नसतं, सगळ्यांनी विचारलं असतं, "ही कोणाची नक्कल?" म्हणून सांगितलंच नाय. एक क्लास त्याच दिवशी बंद झाला. पप्पांनीच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर.

एक गोष्ट सांगून ठेवतो. मला गोळ्या लागल्या नाय. यमुनाला काही महिने लागल्या होत्या. ते डॉक्टरांनी ठरवायचं, खालच्या काकूंनी नाय.

डोळे

दर बुधवारी मॅडमकडे जायचं होतं, म्हणून मी मामाकडे हमरापूरला राहिलो. तीन आठवडे. कारखान्यात नुसते गणपती, जमिनीपासून पत्र्यापर्यंत, आणि सगळे आंधळे. म्हणजे रंग झालेला, दागिने झालेले, पण डोळ्यांच्या जागी कोरं. डोळे सगळ्यात शेवटी. त्याला आखणी म्हणतात, आणि मामाकडे ती यमुनाच करते.

यमुना माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. पाटावर बसते, मूर्ती पुढ्यात, आणि एकदा रेष सुरू केली की कोणाचा बाप आला तरी वर बघत नाय. मला पहिल्याच दिवशी तिने नाव ठेवलं, नकल्या.

"ए नकल्या, तुला पण ते होतं काय?"

"व्हय. तुला कसं व्हायचं?"

"छातीत कोंबडा शिरल्यावानी. मी पळायची ती पार शेताच्या बांधापर्यंत. मामा बोंबलायचा, रंग सुकतोय, रंग सुकतोय!" आणि ती हसली. हसली! मी पहिल्यांदा बघितलं की ह्या गोष्टीवर जिला होतं ती पण हसू शकते.

मॅडमनी मला श्वासाचा व्यायाम दिला होता. हळू घ्यायचा, आणि घेतला त्याच्याहून हळू सोडायचा. मी करायचो, पण त्यात माझं मन लागेना. आकडे मोजता मोजता क्लासचे सर आठवायचे. यमुना बघत होती. म्हणाली, "इकडं ये. रेष बघ."

तिने ब्रश भिजवला, मनगट डाव्या हातावर टेकवलं, आणि श्वास सोडत सोडत गणपतीच्या डोळ्याची वरची कड ओढली. एका श्वासात एक कड. श्वास संपला तिथं रेष संपली. पुन्हा श्वास, पुन्हा रेष.

"श्वास कोंडून काढला ना, तर छातीचे ठोके हातात येतात. मग डोळा थरथरतो. सोडत सोडत काढायचा. मला मामाने पहिल्यापासून असाच शिकवलाय. मॅडमनी तेच सांगितला तेव्हा मी म्हटलं, ह्ये तर आमचा रोजचा काम!"

मी येडाच झालो आनंदाने! म्हणजे औषध तिथंच होतं, पाटावर बसलेलं. दुसऱ्या दिवसापासून मी रद्दीच्या कागदांवर डोळे काढायला लागलो. एक श्वास, एक कड. शंभर डोळे, दोनशे डोळे. वाकडे, तिरळे, झोपाळू, एक तर हुबेहूब पाटील बाईंचा. चौथ्या दिवशी कारखान्यात कॉम्प्रेसर धडधडायला लागला आणि माझी छाती पण त्याच्याबरोबर. मी उठायला लागलो. यमुना मान वर न करता म्हणाली, "बस. काढ." मी बसलो. काढला. चौदा डोळे झाले आणि पंप थांबला. पहिल्यांदा मी पळालो नव्हतो!

त्या खुशीत मी काय करावं? कोपऱ्यात एक मूर्ती वेगळी ठेवली होती. मला वाटलं, मोडकी आहे. म्हटलं आता खरा गणपती. घेतला ब्रश. डोळे काढले. डावा इकडे, उजवा पेणच्या खाडीकडे.

ती मोडकी नव्हती. एका घरची ठरलेली मूर्ती होती, म्हणून बाजूला ठेवलेली.

मामा आला. मामाचं ओरडणं म्हणजे काय सांगू, तो कारखान्यात ओरडला की हायवेवरचे ट्रक हळू होतात. मी कान झाकून उभा. मामाने मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मांजरीशी बोलावं तसं बोलला, "असू दे बाला. होतं असं."

"मामा, ओरड ना."

"नाय रं. तू बस. मामी तुला चहा देते."

यमुनाने ओल्या फडक्याने डोळे पुसले. "बाप्पा तुझ्याकडंच बघत होता नकल्या. म्हणत होता, ह्याला कोणीतरी दोन शिव्या घाला."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दवाखान्यातून आल्यापासून मला कोणी ओरडलंच नव्हतं. आई हळू बोलायची. पप्पा फोनवर "जेवलास काय राजा" म्हणायचे. राजा! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मला सगळ्यांनी बाप्पासारखं जपून उचलायला सुरुवात केली होती. प्रेम होतं, माहीत आहे मला. पण मी अजून बरा नाय, ते मला त्या "राजा"वरून रोज कळायचं.

आत

गणपती गेले आणि माझी शाळेची वेळ आली. मॅडम पाटील बाईंशी फोनवर बोलल्या होत्या. पहिले दोन दिवस फक्त गेटपर्यंत जायचं, थांबायचं, छाती शांत झाली की मगच वळायचं. मग एक तास वर्गात. मग दोन. दाराजवळचं बाक माझं. आणि एक खूण ठरली. मी कंपासपेटी उभी केली की समजायचं, आलाय. बाईंनी काही विचारायचं नाय, कोणी वळून बघायचं नाय. खूपच वाटलं तर पाणी प्यायला जायचं, पण घरी नाय. परत यायचं.

पहिल्या दिवशी बाई मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी नाटक म्हणाले. चुकलं माझं." बाईंचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याची पण नक्कल मला येत नाय.

सोहम शेजारी येऊन बसला. पट्टीने बाकाचं लाकूड खरवडत होता. मग म्हणाला, "तेज्या, मी तुझी नक्कल करायचो ना... मला पेपरच्या दिवशी उलटी होते. दर पेपरला. घरी सांगितलं नाय कोणाला."

"मग सांग की."

"तू सांगशील काय? माझ्या आवाजात?"

मी त्याच्या आईला सांगितलं, पण माझ्या आवाजात.

आणि मग तो दिवस. पुन्हा गणिताची चाचणी, पुन्हा पेपर हातात, पुन्हा खटकन पंप! बोटांना मुंग्या. दार माझ्यापासून चार पावलं. चारच. सायकल बाहेर. मी कंपासपेटी उभी केली. बाईंनी बघितलं, आणि फळ्यावर वेळ लिहीत राहिल्या. सोहम पेपरमध्ये डोकं घालून. पंप चढतोय, चढतोय. मी कच्च्या पानावर ब्रशसारखं पेन धरलं. एक श्वास, एक कड. डोळा. दुसरा. मनात यमुना, "बस. काढ." सातवा डोळा तिरका गेला. बाराव्याला जरा कमी. एकविसाव्याला मला पंख्याचा आवाज ऐकू आला, शेजारच्या वर्गातली कविता ऐकू आली, आणि कळलं की छातीत शांत आहे.

मी आत होतो! दार उघडं होतं, चार पावलांवर, आणि मी आत होतो! उरलेल्या वेळात अडीच गणितं सोडवली, पैकी दीड बरोबर असावीत.

घंटा झाली. बाई पेपर घेऊन गेल्या. आणि माझ्या अंगात जे काय शिरलं! दोन महिने कोंडलेला कंडक्टर, मुख्याध्यापक, भोंगा, सगळे एकदम बाहेर पडायला लागले. मी बाकावर चढलो आणि पाटील बाई सुरू केल्या. "मुलांनोऽऽ! श्वास घ्या! आता सोडाऽऽ! हळू सोडा, घाई आहे का? घरी पाहुणे आलेत का? ए सोहम, तुझा श्वास कुठंय? वहीत दाखव!" आख्खा वर्ग "हाऽऽ" करून श्वास सोडतोय, बाकं बडवतोय, आणि मी म्हणतोय, "ज्याचा श्वास पूर्ण झाला नाही त्याने उद्या दहा वेळा लिहून आणायचा!"

वर्ग गप्प झाला. एकदम. मी ओळखलं. बाई दारात.

"खाली उतर."

मी उतरलो.

"बाहेर हो. आत्ताच्या आत्ता वर्गाबाहेर!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आज नको. आज मला आतच बसायचंय."

बाई थांबल्या. एक क्षण त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, आता ह्या पण म्हणणार, असू दे बाळा. मी मनात म्हटलं, नको बाई, प्लीज.

नाय म्हणाल्या! माझ्या बाकावरचं कच्चं पान उचललं आणि असा आवाज लागला की तीन वर्ग पलीकडे पण पोरं ताठ बसली असतील. "आत बसायचंय? मग माणसासारखा बस! बाक बसायला आहे का नाचायला? आणि हे काय? एकवीस डोळे! एकवीस डोळे माझ्याकडे बघतायत आणि गणितं अडीच? उरलेली काय तुझे आजोबा सोडवणार? आण डायरी!"

डायरीत लाल पेनाने लिहून आलं, "वर्गात अतिशय दंगा करतो. पालकांनी समज द्यावी."

संध्याकाळी पप्पा शिफ्टवरून आले. मी डायरी पुढे केली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "वर्गात" ह्या शब्दावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर तोंडाशी. मग पप्पांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि भोंगा सुरू झाला.

"लाज हाय काय तुला? बाईंच्या नकला करतोस? कार्ट्या, तुला शाळेत पाठवतो तो शिकायला का तमाशा करायला? सगळी बिल्डिंग ऐकू दे, मला काय फरक पडत नाय! हसतोस काय? हसू नको म्हणतोय ना! आणि उद्या शाळेला पाच मिनिटं जरी उशीर केलास ना, तर तंगडं मोडून हातात देईन!"